मूल कायमचे, बाई मात्र कंत्राटी

गेल्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळी सात-साडेसातला आमच्या शाखेच्या कचेरीत एक पॉइंट्समन सभासद आले. सोबत पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा. आमचे जंक्शन मध्य प्रदेशात आहे. रेल्वे, टपाल खाते आणि आर.एम.एस. मिळून इथे मराठी माणसांची बरीच बिऱ्हाडे आहेत. अडीअडचण आली की ती कोणत्याही खात्याची असो, माणसे पहिल्यांदा युनियनच्या कचेरीतच येतात. आम्हाला वाटले, बदलीची ऑर्डर निघाली असेल, नाहीतर चार्जशीट मिळाली असेल. आम्ही खुर्च्या पुढे केल्या. मुलगा बसला नाही. तो सरळ भिंतीवरच्या वेळापत्रकापाशी गेला आणि एकेका गाडीचा क्रमांक बोटाने वाचू लागला.

सभासद म्हणाले, "भाऊ, माझं काही काम नाही. पोराच्या बाईंना काढलं. युनियननं काही तरी करावं."

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. त्या आपल्या खात्याच्या नाहीत, आपल्या सभासद नाहीत, त्यांनी त्यांच्या युनियनकडे जावे. तेव्हा वहिनी बोलल्या, "त्यांची युनियनच नाही हो भाऊ. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

तीस वर्षे चळवळीत घालवून असे उत्तर ऐकण्याची पाळी आमच्यावर आली. त्या रात्री झोप लागली नाही, आणि हा लेख लिहावा असे तेव्हाच मनात आले. आम्ही मॅट्रिकपलीकडे शिकलेले नाही, डॉक्टरकीचे आम्हाला काही कळत नाही. पण गेले वर्षभर या मुलांच्या पालकांत आणि त्यांना शिकवणाऱ्या बायांत बसलो, विचारले, वाचले. जे समजले ते बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

या मुलाला स्वमग्नता आहे. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. हा रोग नव्हे, त्यामुळे औषध घेऊन बरा होण्याचा प्रश्नच नाही. मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते. कोणी मूल बोलतच नाही, तर कोणी खूप बोलते पण ऐकलेलेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. नजरेला नजर देणे, खुणेने बोलावणे, दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे या गोष्टी आपल्या मुलांना न शिकवता येतात. या मुलांना त्या शिकाव्या लागतात. कोणाला कुकरची शिट्टी सहन होत नाही, कोणाला शर्टाच्या कॉलरमागची पट्टी टोचते. रोजचा क्रम बदलला की जीव घाबरा होतो आणि मूल आकांत मांडते. बघणारे म्हणतात, लाडावलेले पोर आहे.

हे आम्हीही म्हटले आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या शाखेतल्या एका ट्रॅकमन साथीने रात्रपाळी बदलून मागितली होती. मुलगी रात्रभर जागते, घरात बायको एकटी पडते, असे त्याचे कारण होते. आम्ही त्याचा अर्ज पुढे नेला नाही. वर त्याला सांगितले, "दोन धपाटे घाल, सुताने सरळ येईल." त्या साथीने नंतर विनंतीवरून सेवाज्येष्ठता सोडून गावाकडे बदली घेतली. ती मुलगी स्वमग्न होती हे आज कळते. त्याची माफी मागायला आम्ही गेल्या दिवाळीत त्याच्या गावी जाऊन आलो. तो चहा पाजून म्हणाला, "तुम्हाला तरी कुठं माहीत होतं भाऊ." पण माहीत करून घेणे हे आमचे काम होते.

मोठे डॉक्टरसुद्धा इथे चुकले आहेत. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करून या अवस्थेला नाव दिले. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे तिकडच्या विद्वानांनी दोष आईच्या माथी मारला. आई थंड स्वभावाची, तिने माया लावली नाही, म्हणून मूल असे झाले, असे सांगितले जाई. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. लस टोचल्याने असे होते, ही बोंब १९९८ साली इंग्लंडमधल्या एका लेखावरून उठली. ज्या नियतकालिकाने तो लेख छापला होता त्यानेच तो २०१० साली मागे घेतला. आपल्याकडे सासू अजून सुनेकडेच बोट दाखवते, ते वेगळेच.

आता त्या बाईंचे काम काय, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले ते सांगतो. शाळा म्हणजे गावातल्या एका संस्थेच्या दोन खोल्या. भिंतीवर एक पट्टी आणि पट्टीवर ओळीने चित्रे लावलेली. चप्पल काढणे, डबा ठेवणे, मणी ओवणे, खाऊ, झोका, घर. मूल एक काम संपवते, चित्र काढून खालच्या पेटीत टाकते आणि पुढच्या चित्राकडे जाते. आम्ही म्हटले, "बाई, हे तर आमचं वेळापत्रक झालं." त्या म्हणाल्या, "तेच आहे. पुढची गाडी कोणती ते कळलं की प्रवासी गोंधळ घालत नाही." अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ साली सुरू केलेल्या कार्यक्रमात ही चित्रांची पद्धत रुजली, असे त्यांनीच सांगितले. त्या कार्यक्रमाचे दुसरे तत्त्व म्हणजे आईवडिलांना बाहेर बसवून ठेवायचे नाही, त्यांना शिकवण्यात बरोबरीने घ्यायचे.

हात धुणे या एका कामाचे बाईंनी सात तुकडे केले होते. नळ सोडणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे. शिकवताना त्या शेवटून सुरुवात करतात. सहा पायऱ्या मुलाचा हात धरून त्या स्वतः करून घेतात, शेवटचे पुसणे तेवढे त्याच्यावर सोडतात. म्हणजे काम पुरे झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून येतो. मग शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. या मुलाला पूर्ण हात धुवायला पाच महिने लागले. पाच महिने रोज, तेच सात तुकडे, तोच आवाज, चिडायचे नाही. त्यात एखाद्या दिवशी मूल चावते, बोचकारते. बाईंच्या दोन्ही मनगटांवर खुणा आहेत. आपल्याकडे कामावर इजा झाली तर दुखापतीची रजा मिळते. त्यांना हळद लावून पुढच्या मुलाकडे जावे लागते.

पालकांकडूनही त्या काम करून घेतात. एका आर.एम.एस. सॉर्टर साथीची मुलगी त्यांच्याकडे जाते. तिला वस्तू वेगळ्या करायला लावायच्या होत्या. वडिलांनी प्लायवूडचे नऊ खणांचे खोके करून आणले, अगदी आपल्या छाटणीच्या खणांसारखे. चमचे एका खणात, बटणे दुसऱ्या खणात, पोस्टकार्डे तिसऱ्या. ती मुलगी आता घरची धुतलेली भांडी लावते. तिची आई सांगत होती, "पूर्वी मला वाटायचं हिला काहीच समजत नाही. बाईंनी दाखवलं, समजतं, पण आपल्या विचारण्याची रीत चुकीची आहे." मुलाला शिकवणे हे या पेशातले निम्मे काम. घाबरलेल्या, थकलेल्या, नातेवाइकांनी लग्नकार्याला बोलावणे बंद केलेल्या आईवडिलांना उभे करणे हे उरलेले निम्मे, आणि त्याचा पगार कोणी मोजत नाही.

या बाई अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होत्या. मे महिन्याचा पगार नाही, जूनमध्ये नवा कागद. चार वर्षे असे चालले. पाचव्या जूनला कागद निघाला नाही. अनुदान आले नाही एवढेच कारण तोंडी सांगितले गेले. त्यांच्या जागी बारावी झालेली एक मुलगी आणून बसवली. मुलगी चांगली आहे, पण तिला हे काम कोणी शिकवलेले नाही. दीड महिन्यात आमच्या पॉइंट्समन साथीचा मुलगा पुन्हा मनगट चावू लागला आणि पुन्हा कपडे ओले करू लागला. अशा मुलाचा आधार रोजच्या क्रमात असतो, आणि त्या क्रमातले मुख्य माणूसच निघून गेले. आपल्याकडे ड्रायव्हर बदलला तरी गाडी चालते, इथे तसे होत नाही.

जुन्या साथींना आता काही तरी आठवले असेल. आमचे वडील कॅज्युअल गँगमन होते. लाइनवर सलग १२० दिवस भरले तर टेंपररी स्टेटस द्यावे लागे, म्हणून शंभर-एकशे दहा दिवस झाले की नाव काढीत आणि पंधरा दिवसांनी पुन्हा घेत. प्रकल्पावरच्या मजुरांना तर तेवढीही आशा नव्हती. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने इंदर पाल यादव खटल्यात निकाल दिला तेव्हा ३६० दिवस भरलेल्या प्रकल्प मजुरांचा मार्ग मोकळा झाला. आपण आज ज्या खुर्चीवर बसतो तिच्याखाली त्या खंडित नोकऱ्या आहेत. आणि आज आपल्याच मुलांना शिकवणारी बाई खंडित नोकरीत आहे, तर आपण म्हणतो की ती आमची सभासद नाही.

हा पेशा म्हणजे कोणाच्या दयेचे काम नाही, कायद्याने ठरलेले काम आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. विशेष शिक्षकाला तिची मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी लागते, नोंदणी लागते, आणि नोंदणीशिवाय काम करणे हा गुन्हा धरला आहे. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ साली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था सुरू केली. त्या स्वतः स्वमग्न मुलाच्या आई. शिक्षक मिळेनात म्हणून त्यांच्या संस्थेने शिक्षक घडवायला घेतले. देशातल्या या पेशाचा पाया असा पालकांनी घातला आहे. सरकार उशिरा जागे झाले. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत त्याला जागा मिळाली. त्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हक्क दिला, पण शिकवणारे माणूस कोठून आणणार, हा प्रश्न तसाच ठेवला.

तो प्रश्न कोर्टात नेला तो उत्तर प्रदेशातल्या विशेष शिक्षकांनी. रजनीश कुमार पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रमाण ठरवून दिले. प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरांमागे एक. राज्ये हलली नाहीत. मग ७ मार्च २०२५ रोजी कोर्टाने पुन्हा आदेश दिला की राज्यांनी पदे मंजूर करून जाहीर करावीत, भरती सुरू करावी आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर असलेल्यांची छाननी करून पात्र असतील त्यांना घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, तोही तिथल्या कंत्राटी शिक्षकांच्या अनेक वर्षांच्या झगड्यानंतर. पण हे सारे सरकारी शाळांपुरते. संस्थांच्या खोल्यांत काम करणाऱ्या आमच्या बाईंसारख्यांना यातले काही आपोआप लागू होत नाही. म्हणजे संघटना हवीच.

आता आपल्या घरातले बोलू. आम्ही पाहिले की आपल्याच सभासदांना आपले नियम ठाऊक नाहीत. कार्मिक खात्याने २०१४ साली आदेश काढला की अपंग मुलाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फेरबदलीतून सूट द्यावी. २०१८ साली तो २०१६ च्या कायद्यातल्या सर्व प्रकारांना लावला. त्यात एक शेपूट आहे, 'प्रशासकीय अडचण नसल्यास'. ही अडचण कोणाला केव्हा वाटेल सांगता येत नाही, म्हणून अर्जासोबत दाखला आणि आदेशाची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. मुलाच्या शिक्षणाचा भत्ता अशा मुलांसाठी दुप्पट आहे. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा ५,६२५ रुपये ठरला. आमच्या शाखेतले दोघे जण इतकी वर्षे साधाच भत्ता घेत होते. मुलाचे नाव सेवेत असतानाच कौटुंबिक पेन्शनसाठी कुटुंबाच्या यादीत दाखल्यासह लावून घ्या. स्वतः कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला नियमाप्रमाणे हे पेन्शन हयातभर मिळू शकते, आणि पालकत्वाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती देते. आमच्या पाठीमागे याचे कोण, या एका प्रश्नाने आईबाप रात्र रात्र जागतात. त्यावर हा एवढा तरी कागद आहे. २००४ नंतर लागलेल्यांचे गणित वेगळे आहे, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. ग्रामीण डाकसेवकांना तर नियमित कर्मचारीच मानत नाहीत, त्यामुळे वरचे नियम त्यांना आपोआप लागत नाहीत. तिथे लढा मुळापासूनच आहे.

बालसंगोपन रजेबद्दल आमचे स्पष्ट मत आहे. महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवस मिळतात, अपंग मुलासाठी वयाची अट नाही, हे योग्यच आहे. २०१८ पासून एकट्या पुरुष पालकालाही ती मिळते. पण घरी पत्नी आहे एवढ्या कारणाने आमच्या पॉइंट्समनला एक दिवसही मिळत नाही. जणू सांभाळायचे ते बाईनेच. स्वमग्न मुलाच्या बापाला ही रजा द्यावी, निदान निम्मी द्यावी, ही मागणी आपल्या महासंघाने उचलली पाहिजे. काही साथी म्हणतील, सगळेच दाखले आणतील. आणू देत. दाखला चहाच्या टपरीवर मिळत नाही. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी लावून तज्ज्ञ तो देतात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली म्हणून लिहितो. एका पोस्टमन साथीने पी.एफ.मधून आणि पतपेढीतून मिळून चार लाख काढले, मुलाला मूलपेशींचे इंजेक्शन देण्यासाठी. जाहिरातीत बरे होण्याची हमी होती. मुलात फरक पडला नाही, हप्ते मात्र चालू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ सालीच सांगितले आहे की स्वमग्नतेवर या उपचाराची शिफारस करता येत नाही. त्या चार लाखांत त्या बाईंचा दोन वर्षांपेक्षा जास्त पगार झाला असता. पतपेढीच्या संचालकांनी असा अर्ज आला तर पैसे देण्याआधी त्या माणसाला दुसऱ्या पालकाची गाठ घालून द्यावी, एवढेच म्हणतो.

आपल्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांसाठी भाषेचेही सांगायला हवे. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि कोणी डॉक्टर म्हणतो की मुलाशी एकाच भाषेत, जमल्यास इंग्रजीत बोला. वहिनींनी या सल्ल्यावरून दोन वर्षे मुलाशी मराठी बोलणे टाकले होते. ज्या हिंदीत त्यांना अंगाईही येत नाही त्या भाषेत त्या पोराला जेवू घालत. दोन भाषा कानावर पडल्याने या मुलांचे नुकसान होते असे संशोधनात आढळलेले नाही. हे बाईंनीच त्यांना सांगितले आणि मराठी परत घरात आली. आता मुलगा गाड्यांचे क्रमांक हिंदीत सांगतो आणि भूक लागली की मराठीत बोलतो.

बाईंचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही संस्थेच्या लोकांना तीनदा भेटलो. पहिल्यांदा बाहेर बसवले, दुसऱ्यांदा चहा दिला, तिसऱ्यांदा बावीस पालकांच्या सह्यांचे निवेदन घेऊन गेलो तेव्हा बोलणे झाले. ऑगस्टअखेर बाईंना परत घेतले, पण पुन्हा अकरा महिन्यांवरच. मे महिन्याचा पगार अजून नाही. त्यांच्यासह गावातल्या सात विशेष शिक्षिका आणि दोन मदतनीस यांची एक बैठक आमच्या कचेरीत झाली. संघटना नोंदवायला किमान सात सभासद लागतात, ते आहेत. पण त्यांतल्या चौघींना नोकरी जाण्याची धास्ती आहे, म्हणून अर्ज अजून टेबलावरच आहे. आम्ही घाई केलेली नाही. कॅज्युअल मजुरांच्या वेळी आमच्या वडिलांनीही पहिल्या सभेत अंगठा उठवला नव्हता.

शाखेच्या कार्यकारिणीने तीन ठराव करून मंडळ पातळीवर पाठवले आहेत. एक बापांच्या रजेचा. दुसरा रेल्वे इस्पितळात आठवड्यातून दोन दिवस तरी वाचा-उपचार करणारा तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांना बोलावण्याचा, आणि तो खर्च स्टाफ बेनिफिट फंडातून भागतो का ते पाहण्याचा. तिसरा, कंत्राटी विशेष शिक्षकांच्या संघटनेला महासंघाने संलग्नता द्यावी असा. तिसऱ्यावर आमच्याच कार्यकारिणीत दोन जण विरोधात गेले, हेही लिहून ठेवतो.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत कचेरी या पालकांसाठी उघडी असते. मागच्या खेपेला अकरा कुटुंबे आली होती, त्यांत तीन टपाल खात्यातली. मुलांना बरोबर आणावे, कोणी काही म्हणणार नाही. ट्यूबलाइट आम्ही बंद ठेवतो, दोघांना तिची गुणगुण सहन होत नाही. वेळापत्रक जरा खाली लावले आहे.